आत हात घालून बघा

मास्तरांना मी आधी दिसलो नाही, ऐकू आलो.

गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रातला तो हॉल एखाद्या रेल्वे यार्डाएवढा. चहूबाजूंनी माईकवरून कुणी ना कुणी काही सांगत होतं, कुठे दवाखान्याच्या खाटा आपोआप वरखाली होत होत्या, कुठे यंत्रं टीं टीं करत होती. त्या कल्लोळात मी प्लायवूडच्या उतारावरून खाली येत होतो. अंगात हाफ पँट, डावा पाय माझा, उजवा गुडघ्यापर्यंत माझा आणि त्याखाली काळं कार्बन फायबर, चकचकीत नळी, पातीसारखं पाऊल. समोर पंचवीस-तीस माणसं मोबाइल धरून उभी. त्यांच्या मागून आवाज आला, "थांब. टाच उशिरा पडतेय."

मी जागच्या जागी थांबलो. त्या आवाजाने थांब म्हटलं आणि मी पुढे पाऊल टाकलं, असं पंधरा वर्षांत कधी झालं नव्हतं.

२०१८ चा हिवाळा होता. प्रदर्शन वैद्यकीय उपकरणांचं, तीन दिवसांचं, आणि हा दुसरा दिवस. एका कंपनीने नवा पाय बाजारात आणला होता. तो घालून चालून दाखवायला त्यांना माणूस हवा होता. पुतळ्याला पाय लावून भागत नाही. घेणारा डॉक्टर असो नाहीतर दुकानदार, त्याला पाय चालताना बघायचा असतो. दर तासाला वीस मिनिटं माझी पाळी. आधी सपाटीवर, मग उतारावर, मग चार पायऱ्या वर आणि चार खाली, शेवटी हातात दहा किलोची पिशवी घेऊन पुन्हा तेच सगळं. सुटे भाग कंपनीचे होते. सॉकेट, म्हणजे तोडलेल्या पायाचा उरलेला भाग ज्या कपात बसतो तो, मात्र मास्तरांनीच बनवावा, अशी अट मी घातली होती आणि कंपनीने ती मानली होती. प्रदर्शनाला मास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं. विठ्ठलवाडीला गाडी पकडून, दादरला बदलून, राम मंदिर स्टेशनला उतरून ते आपले आपण आले होते. वय बहात्तर. खांद्याला तीच खाकी पिशवी, जिच्यात कानस, कात्री, फेल्टचे तुकडे आणि जांभळी पेन्सिल असायची.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. हयातभर त्यांनी ते दुकानाच्या पाटीवरसुद्धा लिहिलं नाही. उल्हासनगरात शिंप्यालाही मास्तर म्हणतात आणि हाडं बसवणाऱ्यालाही. यांना 'पायवाले मास्तर' म्हणत.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, विठ्ठलवाडी स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं दुकान होतं. एका जुन्या बराकीला पत्रा जोडून वाढवलेली खोली, बस. उल्हासनगरच्या बराकी बांधल्या गेल्या त्या दुसऱ्या महायुद्धात, सैनिकांच्या तळासाठी. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं येऊन पडली. तेव्हा त्याला कल्याण कॅम्प म्हणत. ८ ऑगस्ट १९४९ ला त्याचं उल्हासनगर झालं. मास्तर या कॅम्पात आले ते आईच्या कडेवर. त्याच महायुद्धात, १९४४ साली, पाय गमावून परतणाऱ्या जवानांसाठी पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं होतं. एकाच युद्धाने इकडे बराकी उभ्या केल्या आणि तिकडे पाय बनवायची शाळा. पुढे त्या बराकीतलं एक पोर पाय बनवायला बसलं, याचं मला फार वाटतं. मास्तरांचे वडील चामड्याचं काम करत. मास्तर त्यातूनच मुंबईतल्या एका कारखान्यात कॅलिपरचे पट्टे शिवायला लागले, मग हळूहळू साचे, मग पूर्ण पाय. पन्नाशीला आल्यावर त्यांनी आपलं दुकान टाकलं.

मी त्यांच्यापर्यंत पोचलो त्याआधी आणखी दोन माणसांचं माझ्यावर देणं झालं होतं. ते आधी सांगायला हवं.

२००३ च्या जुलैमध्ये माझं वय बावीस होतं. अंबरनाथच्या आयटीआयमधून टर्नर होऊन मी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर लागलो होतो. घर बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, उल्हास नदीच्या अंगाला. दुसरी पाळी सुटली, पाऊस होता, बदलापूरची गाडी समोर लागत होती. पूल पन्नास पावलांवर होता. मी रुळांत उतरलो. ओल्या खडीवर पाय सरकला आणि दुसऱ्या रुळावरून गाडी आली. यात दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचाच नाही, आणि रुळांतून जाणारी पोरं दिसली की आजही मी ओरडतो.

त्या क्षणाचं मला काही आठवत नाही. नंतर सांगितलं ते असं, की चौघांनी मला उचललं आणि पाचव्याने आपल्या कमरेचा पट्टा काढून माझ्या मांडीला आवळला. तो फर्निचर बाजारात माल चढवायचं काम करायचा आणि घरी निघाला होता, एवढंच कुणीतरी सांगितलं. रक्त थांबलं ते त्या पट्ट्यामुळे. तपकिरी रेक्झिनचा, चार भोकांचा पट्टा. आईने तो धुऊन, वाळवून ठेवला. परत करायला म्हणून दोन वर्षं ती उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दुकानामागून दुकान विचारत फिरली. माणूस सापडला नाही. पट्टा आमच्याकडेच आहे.

मला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नेलं. तिथल्या शल्यचिकित्सकांनी माझा गुडघा वाचवला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पाय गेला तिथे गुडघ्याचं काय कौतुक! ते कौतुक कळायला मास्तर भेटावे लागले. गुडघा असेल तर कृत्रिम पाय आपण उचलतो, तो नसेल तर पाय कमरेतून फेकावा लागतो आणि तेवढंच अंतर चालायला किती तरी जास्त दम लागतो.

वॉर्डात भेटायला येणारा प्रत्येक जण नर्तकी सुधा चंद्रनचं नाव काढायचा. १९८१ च्या अपघातानंतर तिचा पाय कापावा लागला, जयपूर फूट लावून ती पुन्हा नाचली, १९८६ साली तिच्यावरचा 'नाचे मयूरी' सिनेमा आला, तो आमच्या आळीत सगळ्यांनी पाहिला होता. माणसं मायेपोटी सांगत. पण मला नाचायचं नव्हतं. मला उठून मोरीपर्यंत जायचं होतं. तिने जे केलं ते एवढं मोठं होतं की ते ऐकून मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो.

बाराव्या दिवशी दुपारी एक माणूस आला. पांढरा शर्ट, हातात डब्याची पिशवी, एखाद्या बँकेत शिपाई असावा तसा. माझ्याशी बोलला नाही. वॉर्डाच्या टोकाला नळ होता, तिथपर्यंत चालत गेला, बाटली भरली, परत आला. बाटली माझ्या कपाटावर ठेवली आणि म्हणाला, "कुठला?"

मला कळलं नाही.

"पाय. यातला कुठला माझा नाही, सांग."

मी उजवा म्हटलं. त्याने डावी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. मी बघत राहिलो. नडगीच्या जागी गव्हाळ रंगाचं प्लास्टिक, वर पट्टा. त्याने पँट खाली केली, ती नीट झटकली आणि म्हणाला, "पाच-सहा महिने लागतात. सुरुवातीला दुखतं. मग सवय होते." आणि निघून गेला. धीर धर म्हणाला नाही, देव परीक्षा बघतो म्हणाला नाही. नावही सांगितलं नाही. तो गेल्यावर मी पहिल्यांदा त्या बाटलीतलं पाणी स्वतः उठून बसून प्यायलो.

पहिला पाय मला मिळाला हाजीअलीला, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत. १९५५ पासून ती संस्था हे काम करते आहे. तिथे मला समांतर दांड्यांमध्ये उभं राहायला शिकवलं, पडायला शिकवलं, पडल्यावर उठायला शिकवलं. पण बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अडुसष्ट किलोमीटर. सॉकेट कुठे टोचलं, पट्टा सैल झाला, की अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जायची. पहिल्या वर्षात तर उरलेला पाय सारखा आटत असतो. मोज्यांवर मोजे चढवायचे, आणि एक दिवस तेही पुरत नाहीत. तिथल्याच एका बाईंनी विचारलं, "तुम्ही बदलापूरचे ना? मग किरकोळ कामाला विठ्ठलवाडीला उतरा की."

असा मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी पाय हातात घेतला नाही. मला दारापासून भिंतीपर्यंत चालायला लावलं आणि स्वतः पाठ करून बसले. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "तीन मोजे घातलेत. दोन घाल, आणि खाली एक टिकली लावू." टिकली म्हणजे फेल्टची गोल चकती. मी लेथवरचा माणूस. सूतभर फरक बोटाला कळला पाहिजे, हे मला शिकवलेलं. हा माणूस तो फरक कानाने मोजत होता.

मी म्हटलं, "मास्तर, एकदाच नीट माप घेऊन पक्कं करून टाकू ना."

ते म्हणाले, "तुझा लोखंडाचा जॉब एकदा बसला की बसला. पायाचा जॉब सकाळी वेगळा असतो, संध्याकाळी वेगळा. उन्हात वेगळा, थंडीत वेगळा. माणूस आजारी पडला की तो पण पडतो. पक्कं कसं करणार, बेटा?"

नकली पाय हा शब्द ते चालू देत नसत. "नोट नकली असते. ती चालत नाही. हा चालतो."

मग २६ जुलै २००५ उजाडला. त्या दिवशीच्या मुंबईतल्या पुराचं सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे उल्हास नदी घरात आली. शेजाऱ्यांनी मला पाठुंगळी मारून वरच्या मजल्यावर नेलं. पाय खाटेखाली होता, तो तिथेच राहिला. दोन दिवसांनी चिखलातून काढला तेव्हा बूट पायावर फुगून बसला होता, आतलं लाकूड तडकलं होतं आणि खिळे गंजायला लागले होते. गाड्या सुरू झाल्यावर मी तो सिमेंटच्या गोणीत घालून, कुबड्यांवर, विठ्ठलवाडीला गेलो.

वालधुनीचं पाणी मास्तरांच्या दुकानातही शिरलं होतं. प्लास्टरचे साचे ते फळीवर ओळीने ठेवत. प्रत्येक साचा म्हणजे एका माणसाचा थोटका पाय. ते सगळे भिजून भुसभुशीत झाले होते. मास्तर झाडूने तो पांढरा लगदा दाराबाहेर लोटत होते. मला वाटलं, परत जावं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, माझ्या हातातली गोणी घेतली आणि पाय टेबलावर ठेवला. त्या टेबलावर त्या दिवशी दुसरं काही नव्हतं.

"हे पाऊल बुटाच्या देशातलं," ते म्हणाले. "चांगलं आहे, पण बूट घालून कोरड्या रस्त्यावर चालणाऱ्यासाठी बनवलेलं. तू राहतोस नदीवर."

आणि मग, ओल्या दुकानात उभ्या उभ्या, त्यांनी मला रामचंद्र शर्मांची गोष्ट सांगितली. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून १९६८ साली जयपूर फूट बनवलं. रबर तापवून साच्यात घट्ट केलेलं, आत लाकूड आणि स्पंजाचं रबर, बाहेरून माणसाच्या कातडीच्या रंगाचं, बोटंसुद्धा असलेलं. ते घालून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, भाताच्या खाचरात उतरता येतं. टायरवर नवं रबर चढवताना बघून शर्मांना ती कल्पना सुचली, असं सांगतात. १९७५ साली देवेंद्रराज मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि तिथून ते पाऊल मोफत जगभर गेलं. सेठींना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्तर सेठींचं नाव आदराने घेत, पण शर्मांचं नाव घेताना हात जोडत. "जास्त शिकलेले नव्हते. सगळे मास्टरजी म्हणत," असं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी दुसऱ्या कशाने आलेलं पाहिलं नाही.

त्या पुराच्या महिन्यात मास्तरांनी मला नवा पाय करून दिला. साचा कसा घेतात, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायावर, ओला पातळ मोजा चढवायचा. जांभळी पेन्सिल ओली करून त्यावर खुणा करायच्या. गुडघ्याच्या वाटीखालची जागा, नडगीची धार, बाहेरच्या बाजूला जरा वर येणारं बारीक हाड. मग प्लास्टरची पट्टी गुंडाळायची आणि ती घट्ट होईपर्यंत दोन्ही अंगठे वाटीखाली दाबून धरायचे. पट्टीचा कप काढला की आतल्या बाजूला जांभळ्या खुणा उमटलेल्या असतात. त्यात प्लास्टर ओतलं की खुणा त्या प्लास्टरच्या पायावर जातात. मग कानस. भार जिथे सोसतो तिथे घासायचं, हाड जिथे दुखतं तिथे प्लास्टरचा थर वाढवायचा. हे झाल्यावर पाण्याच्या पाइपासारखा जाड प्लास्टिकचा पाइप भट्टीत मऊ करून त्यावर ओढायचा. मला ते सगळं लेथच्या कामासारखं वाटलं आणि अजिबात तसं वाटलं नाही. माझ्या जॉबला दुखत नाही.

वरचा पट्टा मास्तरांनी शेजारच्या जीन्सच्या कारखान्यात शिवून घेतला, जाड डेनिम शिवायच्या यंत्रावर, नारिंगी दोऱ्याने. तिथल्या कारागिराने त्याला जीन्सच्या खिशाला मारतात तशी दुहेरी शिलाई मारली. तो पट्टा अकरा वर्षं टिकला.

पैसे विचारले तर म्हणाले, "या वर्षी पुरात सगळ्यांचंच गेलंय. राहू दे."

मी पुन्हा विचारलं. मला फुकट नको होतं, आणि ते त्यांनी ओळखलं. कानस पुसत म्हणाले, "एक काम कर. दवाखान्यात जाऊन कुणाला तरी चालून दाखव. बोलायचं नाही जास्त."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मास्तर, शीवला माझ्याकडे एक जण आला होता. पांढरा शर्ट—"

"असेल," ते म्हणाले. "मी सात-आठ जणांना सांगून ठेवलंय. कोण कुठे जातो, मी विचारत नाही."

तो कोण होता, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याचा पाय त्यांनी बनवला होता, एवढं नक्की.

नवा पाय झाल्यावर आठवड्याभराने ते अंबरनाथला, माझ्या कारखान्यात आले. मालकांना नमस्कार करून माझ्या लेथपाशी उभे राहिले आणि पाऊण तास माझ्याकडे बघत राहिले. चकला हात घालताना मी कुठे झुकतो, हँडव्हील फिरवताना भार कुठल्या पायावर जातो. मग मला स्टुलावर बसवलं, पान्याने पाऊल ढिलं केलं आणि पंजा जरासा बाहेर वळवून पुन्हा आवळलं. "रस्त्यावर दिवसात तास-दीड तास चालतोस. इथे आठ तास उभा असतोस. पाय इथला पाहिजे." आजवर मी त्या लेथवर रोज आठ तास उभं राहून संसार केला, मुलीला शिकवलं. माझा पाय लेथला लावून दिलेला आहे, माणसं लेथवर जॉब लावतात तसा.

तर असे ते मास्तर, आणि त्या दिवशी गोरेगावला गर्दीमागून त्यांनी मला थांब म्हटलं होतं.

त्यांनी मला दंडाला धरून स्टॉलच्या पाठीमागे नेलं, जिथे खोकी आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. पाय काढायला लावला. बाहेरच्या बारीक हाडावर रुपयाएवढा लाल डाग होता, मधोमध कातडी सोललेली. सकाळपासून टोचत होतं, मी बोललो नव्हतो. कंपनीने विश्वासाने काम दिलेलं, समोर एवढी माणसं, आणि माझं मानधन दिवसावर. मास्तर रागावले नाहीत. "चूक कुणाची नाही," म्हणाले. "दोन दिवस एवढं चाललास, वर ही थंडगार हवा. स्टंप आटला. सॉकेटमध्ये खाली बसला. हाड टेकलं." मग त्यांनी कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि हात जोडून सांगितलं, "आज हा चालणार नाही. उद्या सकाळी बघू."

तो माणूस तरुण होता, बिचाऱ्याची पंचाईत झाली. पुढच्या पाळीला काही मोठे खरेदीदार यायचे होते. मास्तर म्हणाले, "मी दाखवतो."

आणि ते माझा पाय हातात घेऊन बाहेर गेले. मी खुर्चीवर बसून पडद्याच्या फटीतून बघत होतो.

त्यांनी माईक घेतला नाही. उतारावरही चढले नाहीत. गर्दीत उतरले, सॉकेटचं तोंड वर करून पाय एकेकाच्या पुढे धरला आणि म्हणाले, "आत हात घालून बघा."

माणसं बिचकली. दोन दिवस सगळ्यांनी पावलाची पाती बघितली होती, नळी बघितली होती, वजन विचारलं होतं, किंमत विचारली होती. सॉकेटात कुणी डोकावलं नव्हतं. एका डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा हात घातला. मास्तर म्हणाले, "समोर अंगठा न्या. खड्डा लागला? उलटा खड्डा, आत आलेला. गुडघ्याच्या वाटीखाली तो बसतो. भार तिथे. आता बाहेरच्या बाजूला या. इथे जागा सोडलीय. हाड आहे, त्याला कुणी हात लावलेला आवडत नाही. आज ही जागा कमी पडली, म्हणून तो आत बसलाय. खाली तळाशी टेकू नका, तळाला भार नाही."

बाई हात आत ठेवूनच म्हणाल्या, "अजून गरम आहे."

"हो," मास्तर म्हणाले. "आत्ता काढला."

त्यानंतर माणसं रांगेने हात घालू लागली. फिजिओथेरपीचे विद्यार्थी होते, एक दुकानदार होता, सरकारी कार्यालयातले दोघे होते. मास्तर प्रत्येकाला तेच, त्याच सावकाशीने सांगत होते. मला आत बसून वाटत होतं की ही सगळी माणसं माझ्या पायात हात घालताहेत. विचित्र वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माझं दुखणं पहिल्यांदाच कुणी बोटांनी वाचत होतं.

पुढे कधीतरी मी बेंजामिन फ्रँकलिन पामरबद्दल वाचलं. अमेरिकन माणूस, लहानपणी पाय गेलेला. स्वतःसाठी पाय बनवता बनवता त्याने १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, तो पाय मांडला. पदक मिळवलं. त्या काचेच्या हॉलमध्ये जगभरची यंत्रं असतील. त्यांत आपलाच पाय घेऊन आलेल्या या माणसाचं मला अप्रूप वाटतं. तो बनवणाराही होता आणि वापरणाराही. माझ्याबाबतीत त्या एका माणसाचे दोन भाग झाले होते, एक पडद्याआड बसला होता आणि एक बाहेर उभा होता.

तिसऱ्या दिवशी मास्तर पहाटे बदलापूरला आमच्या घरी आले. सॉकेट त्यांनी रात्रीत सुधारलं होतं. हाडाच्या जागी तापवून बाहेर काढलं होतं, मोज्यांचा हिशेब बदलला होता. माझ्या आईने त्यांना पोहे दिले. त्यांनी मला अंगणात चालायला लावलं आणि पाठ करून बसले. दोन फेऱ्यांनंतर म्हणाले, "जा." त्या दिवशी मी सगळ्या पाळ्या चाललो. पण प्रत्येक पाळीच्या शेवटी पाय काढून समोर धरला आणि मास्तरांचं वाक्य म्हटलं. कंपनीच्या त्या तरुणाने पुढच्या वर्षी स्टॉलवर एक रिकामं सॉकेटच मांडलं, हात घालून बघायला.

मास्तर तीन वर्षांनी गेले. झोपेत गेले. ऐकू शेवटपर्यंत स्वच्छ येत होतं. दुकानात आता जीन्सच्या पट्ट्या कापतात.

मी महिन्यातून दोन रविवारी उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालयात जातो, कधी शीवला. डब्याची पिशवी नेतो, बाटली भरून आणतो. जास्त बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात वांगणीचा एक मुलगा होता, एकोणीस वर्षांचा, उजवाच पाय, गुडघ्याखाली. भिंतीकडे तोंड करून पडलेला. आठ दिवस त्याने ड्रेसिंगच्या वेळीही खाली पाहिलं नव्हतं, असं त्याची आई म्हणाली. मी नळापर्यंत गेलो, आलो. त्याने बघितलं नाही. कुठला पाय, विचारलं. उत्तर नाही.

मी स्टुलावर बसलो, पट्टा सोडला, पाय काढला आणि त्याच्या उशाशी आडवा ठेवला. "आत हात घालून बघ," म्हटलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा हात आला. मनगटापर्यंत आत गेला, थांबला. बोटं आतून फिरत होती, ते मला बाहेरून कळत होतं.

"ही जागा कसली?" त्याने भिंतीकडे बघतच विचारलं. "इथे पोकळ आहे."

"बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड असतं. त्याची."

"माझ्याला आहे?"

"असणार."

तो कुशीवरून वळला, चादर बाजूला केली आणि बँडेजवरून बोट फिरवत ते हाड शोधू लागला.